आईने १९६२ साली पाहिलेला पांबनचा पूल आणि आता उभा असलेला जुना पूल एकच का?

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. रेल्वेतली जाणकार माणसं इथे आहेत, म्हणून विचारते. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, रामेश्वरला जोडणाऱ्या पांबनच्या नव्या रेल्वे पुलाचं उद्घाटन टीव्हीवर चालू होतं. मी स्वयंपाकघरात कुरडयांचा चीक हाटत होते. बाहेरून आईची हाक आली, "अगं लवकर ये, आमचा पिंजरा दाखवतायत!" मी हात न धुताच धावले, तोवर दृश्य गेलं होतं. पण आई खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. गुडघ्यांमुळे ती एरवी हलायला तयार नसते.

आई आता ७७ वर्षांची आहे. १९६२ साली, चौदा वर्षांची असताना, आजी-आजोबांबरोबर ती रामेश्वरला गेली होती. गावातली नऊ माणसं होती. बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी, तिथून मद्रास मेल आणि मद्रासला एग्मोर स्टेशनावरून मीटर गेज. एकाच प्रवासात तीन रुंदीचे रूळ. आईला आजही तो क्रम पाठ आहे. कुठल्या स्टेशनावर आजोबांनी पाण्याचा फिरकीचा तांब्या हरवला, तेही पाठ आहे.

पुलाबद्दल ती जे सांगते ते असं: गाडी इतकी हळू झाली की तिला वाटलं इंजिन बिघडलं. दोन्हीकडे नुसतं पाणी, खाली वाकून पाहिलं तरी पूल दिसेना, गाडी पाण्यावरूनच चालल्यासारखी. आजीने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मग मध्येच गाडी एका लोखंडी पिंजऱ्यात शिरली आणि आजीच्या हिरव्या लुगड्यावरून उन्हाचे तिरके पट्टे सरकत गेले. एक पट्टा, मग सावली, मग पट्टा. आई ते हाताने करून दाखवते. मी लहान असल्यापासून तिचा तो सरकणारा हात पाहत आले आहे.

येताना आजोबांनी सेतूची वाळू आणली. ती काशीला न्यायची होती. आजोबांना काशी काही घडली नाही, ती पितळी डबी अजून आमच्या देवघरात आहे.

आता मूळ प्रश्न. उद्घाटनानंतर आमच्या एका नातेवाइकांनी आईला सांगितलं की तिने पाहिलेला पूल १९६४ च्या वादळात समुद्रात गेला आणि आता 'जुना पूल' म्हणून दाखवतात तो नंतर बांधलेला आहे. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून पिंजऱ्याचं नाव काढलेलं नाही.

खरं काय आहे? तो पिंजरा तोच आहे की नंतरचा? आणि जुना पूल पाडणार असं पेपरात वाचलं. आईला नेऊन दाखवायचा तर कसा दाखवता येईल? जे खरं असेल ते स्पष्ट सांगा. वाईट वाटेल म्हणून गोड सांगू नका, आई लगेच ओळखते.

पुणे_ते_कन्याकुमारी

ताई, आम्ही दोघं मे महिन्यात जाऊन आलो. गाड्या आता नव्या पुलावरूनच जातात. जुन्यावरची वाहतूक २०२२ च्या डिसेंबरपासून बंदच आहे. पण आम्ही गेलो तेव्हा तो शेजारीच उभा होता, अगदी हाकेच्या अंतरावर. नव्या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो, १७ मीटर. जुन्याचा मधला भाग मात्र दोन्ही तळहात उघडावेत तसा उघडतो. आम्ही गेलो तेव्हा ती दोन्ही पाती वर होती. रस्त्याचा पूल समांतर आणि उंच आहे, त्याच्यावरून सगळं छान दिसतं.

तुमच्या नातेवाइकांचं बरोबर असावं असं वाटतं. १९६४ च्या चक्रीवादळात पूल वाहून गेला आणि ई. श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. हे श्रीधरन म्हणजे आपल्या कोकण रेल्वेचे, नंतर दिल्ली मेट्रोचे. आणि मूळ पूल शेर्झर नावाच्या इंजिनिअरने १९१४ मध्ये येऊन बांधला होता.

निवृत्त_ब्रिजवाला

ताई, आधी उत्तर, मग बाकीचं. तुमच्या आईंनी १९६२ साली पाहिलेला पिंजरा तोच आहे. नातेवाइकांचं अर्धं बरोबर आहे, पण तुमच्या प्रश्नाला ते अर्धं लागू होत नाही.

माझी ३४ वर्षं रेल्वेच्या पूल खात्यात गेली. खलाशी, म्हणजे खात्यातला साधा कामगार, म्हणून लागलो, इन्स्पेक्टर होऊन बाहेर पडलो. माझी नोकरी कोरड्या मुलखातली, नद्यांवरचे पूल. पांबनला मी एकदाच गेलो, २००९ साली, ट्रेनिंगच्या बॅचबरोबर. दोन दिवस होतो. त्या दोन दिवसांत जे पाहिलं ते आजवर विसरलो नाही.

त्या पुलात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यापासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत साधे गर्डर, म्हणजे खांबांवर टेकवलेल्या लोखंडी तुळया. प्रत्येकी साधारण ४० फुटांचे, असे १४५. हे गर्डर रुळांच्या खाली असतात, म्हणून गाडीतून वाकून पाहिलं तरी दिसत नाहीत. आईंना गाडी पाण्यावर चालल्यासारखी वाटली ती त्यामुळेच. आणि मधोमध, जहाजं जायच्या वाटेवर, उघडणारा भाग. तो मात्र दोन्ही बाजूंनी जाळीचा. लोक त्याला ट्रस म्हणतात, आम्ही खात्यात 'ओपन वेब' म्हणायचो. आईंचा पिंजरा तो. आजींच्या लुगड्यावरून सरकले ते पट्टे त्या जाळीच्या तिरक्या दांड्यांमधून आलेल्या उन्हाचे. चौदा वर्षांच्या मुलीने हे इतकं नेमकं टिपून ठेवावं याचं मला फार कौतुक वाटलं. मी तुमची पोस्ट मंडळींना मोठ्याने वाचून दाखवली.

आता वादळ. १९६४, डिसेंबरच्या २२ तारखेची रात्र. धनुष्कोडीजवळ पॅसेंजर गाडी लाटांखाली गेली, शंभरावर माणसं गेली. धनुष्कोडी गाव संपलं ते कायमचंच. पुलाच्या १४५ पैकी १२६ गर्डर समुद्राने ओढून नेले. पण मधला उघडणारा भाग जागेवर राहिला. १९१४ मध्ये बसवलेली ती पाती वादळानंतरही तिथेच होती आणि नंतर पुढची अठ्ठावन्न वर्षं गाड्या त्यांच्यामधूनच गेल्या. त्यांची डागडुजी झाली, काही भाग बदलले, २००७ मध्ये ब्रॉडगेज करताना मजबुतीही केली. पण पिंजरा तो.

बाकीच्या गर्डरांचंही ऐका. आधी सहा महिन्यांची मुदत होती, मग वरून तीन महिने सांगितले गेले. श्रीधरन तेव्हा ३२ वर्षांचे. नवे गर्डर बनवून तिथवर आणायचे तर ते तीन महिन्यांतही होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात कोळ्यांकडून खबर आली की वाहून गेलेले गर्डर दूर समुद्राच्या तळाशी पडलेले दिसतायत. मग ते पाण्यातून उचलून आणले आणि पुन्हा खांबांवर बसवले. ४६ दिवसांत गाडी सुरू झाली ती अशी. म्हणजे आईंच्या गाडीखालचे गर्डरसुद्धा बरेचसे तेच होते, मधे समुद्राच्या तळाशी जाऊन आलेले.

पुणेकरांची एक दुरुस्ती करतो, राग नसावा. विल्यम शेर्झर हा शिकागोचा. १८९३ मध्येच वारला, पस्तिशीत. पांबन त्याने पाहिलंही नाही. उघडणाऱ्या पुलाची ती युक्ती त्याची, पुढे त्याच्या भावाने कंपनी चालवली. पांबनची पाती इंग्लंडच्या हेड राइटसन कंपनीने घडवली आणि बसवली. पूल सुरू झाला २४ फेब्रुवारी १९१४ रोजी.

बार्शीची_लेक

ब्रिजवाला काका, तुमचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ती ऐकत राहिली. दुसऱ्यांदा "मधला भाग जागेवर राहिला" इथे तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "परत वाच."

तिचा एक प्रश्न आहे. एवढं मोठं लोखंड हाताने कसं उघडायचे? तिला वाटतं तेव्हा तिथे वीज नसावी.

निवृत्त_ब्रिजवाला

आईंना नमस्कार सांगा. प्रश्न अगदी मुळाचा आहे.

वीज नव्हती तेव्हा हाताने उघडायचे आणि वीज आल्यावरही हातानेच उघडत राहिले. मी पाहिलं ते २००९ साली. दोन्ही पात्यांवर माणसं लोखंडी लिव्हर ढकलत होती. मोटर नाही, काही नाही. घामाने बंड्या अंगाला चिकटलेल्या, वारा इतका की बोललेलं ऐकू येईना, मुकादम हाताने खुणा करत होता. पातं आधी हललं असं वाटतच नाही. मग दोन पात्यांमधल्या फटीतून पाणी दिसायला लागतं. आधी बोटभर, मग हातभर. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण पूर्ण उघडेपर्यंत आमचा चहा गार होऊन गेला.

जमतं कसं, तर तोलावर. झुलत्या खुर्चीचे खालचे वाकलेले दांडे डोळ्यांसमोर आणा. पात्याचं मागचं टोक तसंच गोल आहे आणि ते खालच्या सपाट पट्ट्यावर मागे गडगडतं. गोल भागाच्या वर-मागे मोठं वजन बसवलेलं, पुढच्या पिंजऱ्याला तोलून धरेल एवढं. विहिरीवरची ओकती तुमच्याकडे कुणी पाहिली असेल तर लगेच कळेल. बादलीच्या बाजूला माणूस, दुसऱ्या टोकाला दगड. तोल बरोबर असला की शेकडो टनांचं पातं माणसांच्या हातांना ऐकतं. शेर्झरची हुशारी पुढची: पातं नुसतं वर उचललं जात नाही, गडगडत मागेही सरकतं. त्यामुळे जहाजाला वाट जास्त रुंद मिळते.

आणि जाळी का, भरीव लोखंड का नाही? चार काड्यांचा चौकोन बांधा आणि कोपऱ्यावर दाबा, तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो कलत नाही. काडी मोडेल, पण आकार सोडणार नाही. ट्रस म्हणजे असे त्रिकोण शेजारी शेजारी. लोखंड कमी, वजन कमी आणि वाऱ्याला आरपार जायला वाट. पांबनला वाऱ्याचं भान सगळ्यात आधी ठेवावं लागतं. ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल गाडीला सोडत नसे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण पाती टिकली ती आपोआप टिकली नाहीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका नदीवरच्या ओपन वेब पुलावर रिव्हेट, म्हणजे लोखंडी पत्रे जोडणारे खिळे, तपासायला पाठवलं. मी हातोडी मारत चाललो होतो, ठण ठण, आणि सगळे ठीक आहेत असं सांगून मोकळा झालो. आमचे मिस्त्री वयस्कर होते. बोलले काहीच नाहीत. माझं डाव्या हाताचं बोट धरलं आणि एका रिव्हेटच्या डोक्याच्या कडेला टेकवलं, अर्धं रिव्हेटवर, अर्धं पत्र्यावर. मग स्वतः पलीकडच्या बाजूने हातोडी मारली. बोटाला बारीक थरथर लागली, मुंगी चावल्यासारखी. कानाला काहीच फरक नव्हता. "हा ढिला आहे," ते म्हणाले, "आणि तू त्याच्यावरून पुढे गेलास." त्या दिवशी मी आधीचे सगळे रिव्हेट पुन्हा तपासले. अंधार पडेपर्यंत. आणखी तीन सापडले.

पांबनला मी एका सांध्यात तसंच बोट घातलं. आत खारट ओल होती, आणि लोखंडाचा पापुद्रा बोटाला लागून आला, पापडासारखा. तिथला खलाशी म्हणाला की या टोकाकडून खरवडत, ब्रश मारत, रंग लावत त्या टोकाला पोचलं की पहिल्या टोकाला गंज आलेला असतो. शंभर वर्षं हे चाललं. १९१४ पासून २०२२ पर्यंत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. त्या माणसांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. ४६ दिवसांचं काम सगळ्यांना माहीत आहे आणि ते मोठंच आहे. पण उरलेल्या दिवसांचं कामही कुणीतरी रोज केलं, हे आईंना सांगावंसं वाटतं. त्यांच्या आठवणीतला पिंजरा त्या हातांनी जपला.

मालवणचो_दर्यावर्दी

काकांचा गंजाचा वाचून रवावला नाय. आमच्या होडीच्या इंजिनाची पट्टी एका पावसाळ्यात खाल्ली जाता, आणि ह्या लोखंड शंभरावर वर्षां खाऱ्या वाऱ्यात उभा.

बाकी मराठीत लिहितो. कोळ्यांनी गर्डर दाखवले हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. समुद्राच्या तळाशी नवीन काही आलं की जाळं अडकतं, फाटतं, आणि मग त्या जागेची खूण डोक्यात पक्की बसते. किनाऱ्यावरचं कुठलं झाड कुठल्या डोंगराच्या रेषेत, असं जुळवून आम्ही जागा धरतो. तिथल्या माणसांनीही तेच केलं असणार. ताई, तुम्ही गेलात तर पांबनच्या बंदरावर जरूर थांबा. पूल जवळून पाहिलेली माणसं तिथेच भेटतील.

पुणे_ते_कन्याकुमारी

काका, दुरुस्ती मान्य आणि आभार. मी तो पूल डोळ्यांनी पाहिला, फोटो काढले आणि तरी मधला भाग मूळचा आहे हे मला माहीत नव्हतं. नातेवाइकांच्या बाजूने बोललो याबद्दल आईंची क्षमा मागतो.

ताई, आता नेण्याबद्दल. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता गाडीने पुलाच्या अलीकडच्या किनाऱ्यावर, मंडपमला उतरा आणि रिक्षा करा. रस्त्याच्या पुलावर गर्दी फार असते, सुट्टीच्या दिवशी तर वाहनं रेंगाळतात, म्हणून सकाळी लवकर जा. कठडा कमरेइतका आहे, आईंना धरून उभं राहता येईल. रिक्षात बसूनही दिसतं.

निवृत्त_ब्रिजवाला

पुणेकरांनी सांगितलं ते योग्य. एक भर घालतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस आणि वादळाचे दिवस, ते टाळा. जानेवारी-फेब्रुवारी बरा. आणि मंडपमहून पुढे रामेश्वरला गाडीने गेलात तर ती नव्या पुलावर यायच्या आधी आईंना खिडकीशी बसवा. कुठल्या बाजूला जुना पूल येतो ते डब्यातल्या कुणालाही आधी विचारून घ्या, स्थानिक माणसं आनंदाने सांगतात. नव्या पुलावर गाडी पूर्वीसारखी दहाच्या वेगाने चालत नाही. पिंजरा शेजारून लगेच मागे पडेल, म्हणून आधीच सावध राहा.

पाडण्याबद्दल विचारलंत. सरकारी काम आहे, तारीख मला सांगता येणार नाही. मी आईंच्या जागी असतो तर पुढच्या वर्षावर टाकलं नसतं.

बार्शीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मालवणच्या दादांचं मालवणी आईला फार आवडलं, तिने त्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या.

काल रात्री जेवताना आईने अचानक एक गोष्ट सांगितली. ही मी आजवर ऐकली नव्हती. पुलावर शिरायच्या आधी मंडपमच्या अलीकडे त्यांची गाडी बराच वेळ थांबली होती. का थांबली ते कुणालाच कळेना. तमिळ कुणाला येत नव्हतं. आजोबा खाली उतरून चौकशी करून आले आणि हात हलवत नुसतं "जहाज, जहाज" म्हणाले. आजीला वाटलं आता गाडी सोडून जहाजात बसायचं, ती रडायला लागली. मग सगळ्यांनी भाकरी सोडली, शेंगाची चटणी काढली आणि डब्यातच जेवून घेतलं. जेवण संपेस्तोवर गाडी सुटली.

"म्हणजे तेव्हा तो उघडलेला असणार," आई म्हणाली. "ती माणसं ढकलत असतील आणि आम्ही इकडे जेवत होतो."

जानेवारीच्या गाड्यांचं आरक्षण नोव्हेंबरात उघडेल, तेव्हाच तिकिटं काढते. देवघरातली डबी आईने काल उतरवून घासली. आजोबांची वाळू तिने पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवली आहे, ती काशीला न्यायची म्हणते. डबी रिकामी बरोबर घ्यायची आहे.